आधी गिऱ्हाईक, मग वेल
धाराशिव जिल्ह्यातल्या द्राक्ष बागायतदारांचा आणि त्यांच्या सोबत्यांचा जाहीरनामा

आम्ही धाराशिव जिल्ह्यातले द्राक्ष बागायतदार आज एक चळवळ सुरू करत आहोत. आमच्यासोबत खानावळवाले आहेत, गाडीवाले आहेत, शिक्षक आहेत, पुण्याला नोकरीला गेलेली आणि परत यायची इच्छा असलेली मुलं-मुली आहेत. या जिल्ह्यातल्या द्राक्षाची वाइन व्हावी, ती चांगली व्हावी आणि बागेच्या दारात विकली जावी, यासाठी ही चळवळ आहे. पण ती वाइन कोण पिणार, कुठे बसून पिणार आणि तिचे किती पैसे देणार हे कळेपर्यंत वाइनच्या वाणाचा एकही खुंट जमिनीत जाऊ नये, ही आमची तितकीच ठाम भूमिका आहे. आधी गिऱ्हाईक, मग वेल.

महाराष्ट्रात आजवर याच्या उलट चाललं. 2001 साली राज्य सरकारने द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचं धोरण आणलं. राज्यात तयार होणाऱ्या वाइनला दहा वर्षं उत्पादन शुल्क माफ केलं, नाशिक जिल्ह्यात विंचूरला आणि सांगली जिल्ह्यात पलूसला वाइन पार्क केले. हेतू चांगला होता आणि नाशिकचं त्यातून भलंही झालं. मात्र सगळा भर पिकवण्यावर आणि टाक्या भरण्यावर राहिला. 2008 ची मंदी आली, त्याच वर्षी नोव्हेंबरात मुंबईवर हल्ला झाला, मोठ्या हॉटेलांची गिऱ्हाइकी आटली. श्यामराव चौगुले यांनी 1980 च्या दशकात नारायणगावला उभी केलेली, भारतातल्या फेसाळत्या वाइनची पायवाट पाडणारी शॅतो इंडेज ही कंपनी कर्जाखाली कोसळली. त्या काही वर्षांत वाइनची द्राक्षं घ्यायला कुणी उरलं नाही. ही द्राक्षं बाजारात नेऊन विकता येत नाहीत. मणी बारीक, साल जाड, आत बी. हातगाडीवर ती कोण घेईल? बेदाण्यालाही ती चालत नाहीत. नाशिक-सांगलीकडच्या शेतकऱ्यांनी पोटच्या पोरासारख्या वाढवलेल्या बागा तोडल्या. धाराशिवला ते परत घडू द्यायचं नाही, म्हणून हा जाहीरनामा लागवडीच्या आधी निघतो आहे.

मग मुळात वाइन कशाला, असं आमच्याच भावकीतले लोक विचारतात. त्यांना आम्ही आमच्या बागेचा हंगाम दाखवतो. एप्रिलमध्ये खरड छाटणी, ऑक्टोबरमध्ये फळछाटणी. चौदाव्या शतकात इब्न बतूता दौलताबादेला आला, तेव्हा तिथल्या द्राक्षाला वर्षात दोनदा बहर येतो असं त्याने लिहून ठेवलं. आज आपण एकच बहर धरतो, पण वेलाला दोनदा छाटण्याची मेहनत तीच आहे. त्यानंतर विरळणी, मणी फुगवणाऱ्या जीए संजीवकात घड बुडवण्याचं डिपिंग, घडांना पेपर लावणं, रात्री-अपरात्री फवारणी. आपल्या शेजारी उत्तर सोलापुरातल्या नान्नजला नानासाहेब काळे यांनी सोनाका आणि शरद सीडलेस हे वाण शोधले. तासगावकडून तास-ए-गणेश आला. या भागाने देशाला खायचं द्राक्ष दिलं आहे, यात शंका नाही. पण तोंडाशी आलेला माल एका रात्रीच्या पावसात तडकतो. 2025 च्या सप्टेंबरात तर परंडा आणि भूम तालुक्यांत पुराने शेतंच्या शेतं खरवडून नेली. जे वाचतं त्याचा दर बागेत उभा राहून व्यापारी सांगतो. माल गाडीत चढल्यावर चेक वटेपर्यंत बागायतदाराच्या घरात कुणाला नीट झोप लागत नाही, आणि कधी कधी व्यापाऱ्याचा फोनच लागेनासा होतो.

वाइनच्या वाणाला जीए लागत नाही, डिपिंग लागत नाही, मणी फुगवायचा नसतो. साखर 22 ते 24 ब्रिक्सपर्यंत चढू द्यायची आणि माल एकदाच तोडायचा. मजुरी वाचते, औषधं वाचतात. पण एवढ्यावर भुलून जायचं नाही, कारण माल एकरी कमी निघतो. हिशेब असा आहे. साडेसातशे मिलिच्या एका बाटलीला साधारण सव्वा किलो द्राक्ष लागतं. किलोला पन्नास रुपये करारदर धरला, तर बाटलीत बागेचे साठ-पासष्ट रुपये जातात. तीच बाटली शहरात हजाराला विकली, तरी शेतकऱ्याच्या वाट्याला तेवढेच. मधले पैसे बाटली, बूच, टाकी, वीज, कर, वितरक, दुकानदार आणि वर्षभर अडकलेल्या भांडवलाचं व्याज यांत जातात. म्हणजे कारखान्याला द्राक्ष घालणारा बागायतदार फक्त व्यापारी बदलतो. त्याचं जगणं बदलायचं असेल तर विक्रीच्या दारात त्याने स्वतः उभं राहायला हवं.

याची या जिल्ह्याला फार जुनी सवय आहे. तेर म्हणजे प्राचीन तगर. पहिल्या शतकात ग्रीक भाषेत लिहिल्या गेलेल्या 'पेरिप्लस'मध्ये पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर तगर हे मोठं शहर असल्याची नोंद आहे. इथून साधं कापड आणि मलमल गाड्यांत भरून, रस्ते नसलेल्या मुलखातून भडोचच्या बंदराला जाई. त्याच भडोचला समुद्रातून उतरणाऱ्या मालात वाइन होती, आणि त्यातली इटलीची लोकांना अधिक आवडे, असंही त्याच पुस्तकात आहे. तेरला रामलिंगप्पा लामतुरे यांच्या संग्रहातून उभं राहिलेलं वस्तुसंग्रहालय आहे. आपल्या पोरांनी ते बघितलेलं नसेल तर आधी ते दाखवा. तयार माल करून तो स्वतःच्या गाड्यांनी लांबच्या बाजारात नेणारं हे शहर आपल्या जिल्ह्यात होतं. आज आपण कच्चा माल पेटीत भरतो आणि तो कुठे गेला हेही आपल्याला कळत नाही.

आता विक्रीचं बोलू. तिथेच सगळं अडतं.

आपल्याकडच्या वाइन शॉपमध्ये जाऊन उभे राहा. पाटीवर 'वाइन' लिहिलेलं असतं. आत व्हिस्की, रम, बिअर, क्वार्टरचा धंदा. वाइनच्या दोन-चार बाटल्या वरच्या फळीवर, उभ्या, ट्यूबलाइटखाली, वर पत्रा. वाइनला बारा ते सोळा अंश तापमान हवं. आपल्याकडे मे महिन्यात बाहेरच चाळीसच्या वर जातं. त्या फळीवर एक उन्हाळा काढलेली बाटली शिजलेली असते. कुणी हौसेने ती घरी नेतो, आंबूस कडवट घोट घेतो आणि आयुष्यात परत वाइनला हात लावत नाही. दुकानदाराला आम्ही दोष देत नाही. त्याचं भाडं क्वार्टरवर निघतं, वाइनची एक बाटली महिनाभर जागा अडवते. परमिट रूममध्ये तर आणखी अवघड: उघडलेली बाटली दोन-तीन दिवसांत संपली पाहिजे, आणि आपल्या गावात एक ग्लास वाइन मागणारा महिन्यातून एखादा. देशाचा सरासरी माणूस वर्षाला वाइनचे काही चमचे पितो, त्यातही बहुतेक मुंबई, पुणे, गोवा, बंगळूर, दिल्लीत.

दुकानाबाहेरची वाटही बिकट आहे. दारू जीएसटीच्या बाहेर असल्याने प्रत्येक राज्य स्वतंत्र देशासारखं वागतं. उमरग्यापासून कर्नाटकची हद्द हाकेच्या अंतरावर, पण तिकडे बाटली न्यायची तर वेगळा परवाना, लेबलची वेगळी नोंदणी, वेगळा कर. कर्नाटकाने 2007 मध्ये स्वतःचं वाइन धोरण केलं आणि आपल्या बागायतदाराला आधी बघितलं, ते योग्यच केलं. हैदराबादला बाटली न्यायची तरी तीच गत. मोठी कंपनी दहा राज्यांत दहा लेबलं नोंदवू शकते. चार टाक्यांच्या वाइनरीला ते झेपत नाही. पुणे-हैदराबाद महामार्ग नळदुर्ग-उमरग्यावरून जातो, रोज हजारो गाड्या जातात. पण महामार्गाकाठच्या दारूविक्रीवर सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2016 मध्ये बंधनं घातली, आणि गाडी चालवणाऱ्याच्या हातात बाटली देऊ नये यात आम्हाला काहीही चुकीचं वाटत नाही. जाहिरात करता येत नाही. मुंबई दारूबंदी कायदा 1949 सालचा, पिणाऱ्याला आजही परवाना लागतो. वाइनवरच्या वीस टक्के व्हॅटपैकी सोळा टक्के राज्य सरकार उत्पादकाला परत देतं. ती योजना मध्ये काही काळ बंद पडली, पुढे परत सुरू झाली. पण आधी भरा आणि मग वाट बघा, हे लहान माणसाला मारक आहे. वरून 2022 पासून ऑस्ट्रेलियाच्या महाग वाइनवरचं दीडशे टक्के आयातशुल्क टप्प्याटप्प्याने उतरू लागलं आहे.

2022 च्या जानेवारीत मंत्रिमंडळाने शंभर चौरस मीटरहून मोठ्या किराणा दुकानांत आणि सुपरमार्केटमध्ये वाइन ठेवायला मंजुरी दिली. शेतकऱ्याच्या नावाने तो निर्णय झाला. राज्यभर विरोध उठला, अण्णा हजारे यांनी उपोषणाचा इशारा दिला, सरकारने मग हरकती-सूचना मागवल्या आणि निर्णय अमलात आलाच नाही. आम्ही त्या वादात कुठे उभे आहोत हे स्पष्ट सांगतो. सुपरमार्केटच्या फळीवर जागा मिळाली असती ती मोठ्या कंपन्यांना. धाराशिवच्या बागायतदाराला तिथून काही मिळालं नसतं, आणि किराणा आणायला गेलेल्या बाईसमोर बाटली ठेवून आपल्या द्राक्षाला मानही मिळाला नसता.

मग वाट कुठे आहे? ती आम्ही फिरून बघितली.

नाशिकला गंगापूर धरणाच्या बाजूला सुला ही वाइनरी. राजीव सामंत यांची पहिली वाइन 2000 मध्ये बाजारात आली, आणि 2005 मध्ये त्यांनी बागेतच चव घ्यायची खोली उघडली. खरी कलाटणी ती खोली आहे, असं आमचं मत आहे. मुंबईचा माणूस तीन-चार तास गाडीत बसून येतो, वेलांच्या ओळी बघतो, टाक्यांमधून फिरतो, त्याला शेनिन ब्लाँ आणि शिराझ यांतला फरक कुणीतरी मराठीत, हिंदीत समजावून सांगतं, तो चार घोट घेतो, जेवतो, दोन बाटल्या घेऊन जातो. त्या दोन बाटल्यांना वितरक नाही, वरची फळी नाही, उन्हाळा नाही. त्याच परिसरातल्या यॉर्क आणि सोमासारख्या वाइनऱ्यांमध्येही पाहुणा थेट बागेकडेच येतो. एका दाराला गर्दी झाली की शेजारच्या दारालाही माणसं येतात. म्हणून आम्हाला जिल्ह्यात एक मोठी वाइनरी नको, अनेक लहान हव्यात. ढोकीचा तेरणा साखर कारखाना वर्षानुवर्षं बंद राहिलेला आम्ही पाहिला आहे. एका मोठ्या चिमणीवर सगळा तालुका टांगून ठेवण्याचं दुःख आम्हाला कुणी शिकवायला नको.

आपल्या अधिक जवळचं उदाहरण अकलूजचं. परंड्याहून सकाळी निघालं तर जेवणाआधी पोचता येतं. मोहिते-पाटील बंधू, दिल्लीचे सेखरी बंधू आणि इटलीचे सेच्ची बंधू यांनी मिळून तिथे फ्रातेल्ली ही वाइनरी उभी केली, तस्कनीहून पिएरो मासी हे वाइन करणारे जाणकार आले. माळशिरस तालुक्याचा हा उसाचा मुलूख, उन्हाळा आपल्यासारखाच. तिथे सांजोवेझे पिकतं आणि तिथल्या वाइनला देशात मान आहे. नाशिकची हवा थंड म्हणून तिथे जमलं, आपल्याकडे जमणार नाही, हे म्हणणाऱ्यांनी फ्रातेल्लीची मोटेवाडी-गारवाडची बाग एकदा बघून यावी. पण तिथेही पाहुणे वाट वाकडी करून येतात, कारण सोलापूर जिल्ह्यात मुंबईची गर्दी आपोआप पोचत नाही. आमचाही खरा अडथळा तोच आहे. नाशिकसारखी मुंबई आम्हाला जवळ नाही.

पण आमच्याकडे हुरडा आहे. डिसेंबर-जानेवारीपासून गुळभेंडी आणि सुरती ज्वारीच्या हुरड्याला पुण्या-सोलापूरची माणसं कुटुंबासकट शेतावर येतात, शेंगदाण्याची चटणी, काळ्या तिखटाचं कालवण, गूळ, ताक यांचे पैसे आनंदाने देतात. त्याच दिवसांत द्राक्ष भरतं. वाइनची तोडणीही जानेवारी ते मार्चमध्येच. उस्मानाबादी शेळीचं मटण, कुंथलगिरीचा पेढा, नळदुर्गचा पाणीमहाल, परंड्याचा किल्ला, येडशीचं रामलिंग, धाराशिवची लेणी, तेर. या सगळ्याला जोडणारी वाट आपणच आखायची आहे. 2020 पासून राज्याला कृषी पर्यटनाचं धोरण आहे. त्याखाली नोंदणी करता येते. म्हणून आमची पहिली दोन वर्षं वाइनशिवायची असतील. द्राक्ष, हुरडा, बेदाणा, द्राक्षाचा ताजा रस आणि मुक्काम. माणसं येतात का, परत येतात का, बरोबर कुणाला आणतात, किती खर्च करतात, याची वही प्रत्येक बागेत ठेवली जाईल. त्या वह्या एकत्र बसून वाचू. त्यात गिऱ्हाईक दिसलं तरच पुढचं पाऊल.

इथे आम्हाला आमच्या आया-बहिणींशी बोलायचं आहे. दारूने या जिल्ह्यातली घरं मोडली आहेत, हे आम्ही नाकारत नाही. गावातलं दारूचं दुकान बंद करण्यासाठी बायका मतदानाच्या रांगेत उभ्या राहिल्या, त्यांनी आडव्या बाटलीवर, म्हणजे बंदीच्या बाजूने, शिक्का मारला, त्यासाठी शिव्या आणि मार खाल्ला. त्या मतदानाचा आम्ही आदर करतो. वाइन म्हणजे दारू नाही, असं फसवं वाक्य या चळवळीत कुणी उच्चारणार नाही. तिच्यात बारा-तेरा टक्के अल्कोहोल असतं आणि जास्त प्यायली तर तीही घर मोडते. म्हणून कुठल्याही गावात बागेतली वाइनविक्री सुरू करण्याआधी त्या गावच्या महिला ग्रामसभेची संमती आम्ही घेऊ, कायदा मागो वा न मागो. संमती मिळाली नाही तर त्या गावात दार उघडणार नाही. तुळजापूर, येरमाळा, तेर, कुंथलगिरी या देवस्थानांच्या परिसरात विक्री नाही. आईच्या दर्शनाला येणाऱ्या भाविकाला वाइनचं गिऱ्हाईक समजणं आम्हाला मान्य नाही. एकवीस वर्षांखालच्या कुणालाही घोट नाही, कायद्यानेही नाही. गाडी चालवत आलेल्याने चव घेऊन थुंकायची किंवा गावच्या गाडीने परत जायचं. चव घेऊन थुंकण्यात अपमान नाही. वाइन करणारे लोक स्वतः रोज तेच करतात. क्वार्टर आणि पाऊच कधीच नाही. आणि प्रत्येक वाइनरीच्या भागधारकांत निम्म्या बायका असतील, कारण विरळणीपासून तोडणीपर्यंतची कामं त्याच करतात.

सरकारकडे आमचं मागणं मोठं नाही. चार-पाच बागायतदारांना मिळून एक लहान वाइनरी आणि तिला जोडून एक विक्रीचं दार, यासाठी उत्पादन शुल्क विभागाने जिल्ह्यातच, एका अर्जावर आणि ठरावीक मुदतीत परवाना द्यावा. लेबलचं शुल्क बाटल्यांच्या संख्येवर लावावं. व्हॅटची रक्कम लहान उत्पादकाला परत देण्याऐवजी त्याच्याकडून घेऊच नये. मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राने तुळजापूर आणि धाराशिव तालुक्यांत चाचणीचे प्लॉट घ्यावेत: आपल्या मुरमाड रानात, टँकरच्या वर्षात, डॉगरिजच्या खुंटावर कोणता वाण तग धरतो हे आम्हाला स्वतःच्या डोळ्यांनी पाहायचं आहे. 2018 मध्ये केंद्राने या जिल्ह्याला आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत घातलं. त्या यादीतल्या एका जिल्ह्यासाठी हे फार नाही.

कंपन्यांना एकच सांगणं. आमच्या गावात करार घेऊन आलात तर तो मराठीत हवा, दर आणि पैसे देण्याची तारीख त्यात हवी, आणि माल न उचलल्यास भरपाई किती ते हवं. कोणी बागायतदार एकट्याने सही करणार नाही. करार आधी आमच्या बैठकीत वाचला जाईल.

आणि जिल्ह्यातल्या माणसाला, जो वाइन पितो किंवा ज्याला पुढे कधी प्यायची इच्छा आहे: लग्नाच्या वाढदिवसाला बाहेरची बाटली घेण्याआधी अकलूजची घ्या, नाशिकची घ्या. दुकानदाराला सांगा की बाटली सावलीत, आडवी ठेव. चव नाही आवडली तर का नाही आवडली ते आम्हाला सांगा. आपल्याकडच्या मटणाच्या रश्शासोबत कोणती वाइन जाते, हे फ्रान्सच्या पुस्तकात सापडणार नाही. ते आपल्याच जिभेने ठरवावं लागेल, आणि त्यासाठी शेकडो जिभा लागतील.

या जाहीरनाम्यावर सही करणाऱ्या बागायतदाराने नावापुढे गाव, तालुका, बागेचं क्षेत्र, वाण आणि गेल्या हंगामात किलोला प्रत्यक्ष हाती पडलेला दर लिहावा. बाग नसलेल्यानेही सही करावी. त्याने आपण पाहुण्याला काय देऊ शकतो ते लिहावं, मग ती खोली असो, जेवण असो, गाडी असो किंवा तेरची माहिती सांगणारा अर्धा दिवस. सही न करता विरोध नोंदवायचा असेल तर त्यासाठी शेवटचं पान कोरं ठेवलं आहे. फळछाटणीची कामं आटोपली की पहिली बैठक होईल, आणि तिथे सर्वांत आधी ते शेवटचं पान वाचलं जाईल.